जुन्या गिऱ्हाइकाचं माप

कात्रीबाईंचं खरं नाव गल्लीत कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. कापडावर त्यांची कात्री जशी न अडखळता चालायची तशीच जीभही, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यांना त्याचा राग नव्हता. "बोथट म्हणत नाहीत ना, मग झालं!" असं म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या.

दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक लांबोडकी खोली. पुढे काचेचं दार, दाराशी कापायचं टेबल, टेबलावर खडू नि टाचण्यांची डबी, मागे शिलाई मशीन. सकाळी मशीनला हात जोडल्याशिवाय त्या पायडलला पाय लावत नसत. मशीनपलीकडच्या भिंतीत दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर नव्या गिऱ्हाइकांची कापडं, खालच्या फळीवर जुन्यांची. नवं गिऱ्हाईक म्हणजे पाहुणा, त्याला दिलेली तारीख म्हणजे तारीख. जुनं गिऱ्हाईक म्हणजे घरचं माणूस, आणि घरच्या माणसाने थोडं थांबायचंच असतं. ही रीत त्यांना सासऱ्यांनी शिकवली. सासऱ्यांनी ती कुठून आणली देव जाणे, पण तिच्यावर दुकान दोन पिढ्या चाललं होतं.

दुसरी एक गोष्ट मात्र त्यांची स्वतःची होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. जुन्या गिऱ्हाइकाचं माप त्या घेतच नसत. टेप गळ्यात असायची, पण ती नव्यांसाठी. जुनं माणूस कापड घेऊन आलं की त्या म्हणायच्या, "ठेवा, ठेवा. तुमचं माप माझ्या बोटांत आहे." माणसं खूश व्हायची. आपल्याला कुणीतरी इतकं ओळखतं, याचं कुणाला कौतुक वाटणार नाही?

या जुन्यांत सगळ्यात जुन्या म्हणजे सिस्टर. इस्पितळातल्या मुख्य नर्स. कात्रीबाईंची लेक पाळण्यात होती तेव्हापासून सिस्टरांचा प्रत्येक कपडा याच मशीनखालून गेलेला. लेकीला ताप आला की कात्रीबाई सिस्टरांकडे धावायच्या आणि सिस्टरांचं काजही उसवलं की त्या इकडे यायच्या. आता सिस्टर निवृत्त होणार होत्या. निरोपाच्या दिवशी घालायला कोट हवा म्हणून त्यांनी स्वतः निवडून गडद निळं लोकरी कापड आणलं होतं.

"हा मात्र वेळेवर दे हं, कात्रे," त्या म्हणाल्या होत्या. "सगळ्या इस्पितळासमोर उभं राहायचंय."

"सिस्टर, तुम्ही उभं राहायची काळजी करा, कोटाची मी करते."

कापड खालच्या फळीवर गेलं. त्यावर एकाचे पडदे आले, पडद्यांवर दुसऱ्या कुणाची विजार आली. सिस्टरांचे मध्ये दोन फोन येऊन गेले. दोन्ही वेळा कात्रीबाई तोंडात टाचण्या धरून "होतोय हो!" म्हणाल्या.

तर एके दिवशी कात्रीबाई फोनचं बिल भरायला चौकातल्या कंपनीच्या दुकानात गेल्या. दारातच माणसाएवढा फलक उभा होता. नव्या ग्राहकांसाठी खास प्लॅन, बोलणं अमर्याद, नेट भरपूर, आणि खाली किंमत. कात्रीबाईंनी हातातल्या बिलाकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं, पुन्हा बिलाकडे पाहिलं. नव्या माणसाला ज्या पैशांत तीन महिने फोन वापरता येणार होता, त्याच पैशांत त्यांचा जेमतेम एक महिना निघत होता. आणि त्यातही बोलणं मोजून मापून.

काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी बसली होती.

"हा बाहेरचा प्लॅन मला लाव," कात्रीबाई म्हणाल्या.

"तो नव्या ग्राहकांसाठी आहे, मावशी."

"नवा ग्राहक म्हणजे कोण?"

"म्हणजे ज्यांच्याकडे आपलं कनेक्शन नाहीये असे."

"म्हणजे ज्याने तुम्हाला आजवर दमडी दिली नाही त्याला पायघड्या, आणि मी दर महिन्याला इमानाने भरते तर मला दंड?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मुलगी कसनुशी झाली. "दंड नाही हो मावशी. तुमचा प्लॅनच जुना आहे." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "हा बघा. लोक नुसतं बोलायचे नि मेसेज पाठवायचे ना, त्या काळातला आहे. तुम्हाला महिन्याला ढीगभर मेसेज फुकट आहेत."

"मला काय करायचेत ढीगभर मेसेज? मी काय निवडणुकीला उभी आहे?"

आता मुलगीही हसली.

"मी आता लेकीशी व्हिडिओवर बोलते, गिऱ्हाइकं मला कपड्यांचे फोटो पाठवतात, आणि तुम्ही मला अजून मेसेज विकताय! इतक्या दिवसांत कुणाला वाटलं नाही, की या बाईला विचारावं, बाई, तुम्हाला आता काय लागतं?"

"तुम्ही कधी बदला म्हणाला नाहीत, मावशी."

"आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत."

मुलीने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू का? जुनी माणसं कुठे जात नाहीत. कंपनीला ते ठाऊक असतं. म्हणून कुणी विचारत नाही."

कात्रीबाईंनी बिल भरलं, कारण बाकी ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण बाहेर पडल्या त्या पदरात निखारा घेऊनच.

कात्रीबाईंचे यजमान म्हणजे बसचे निवृत्त ड्रायव्हर. घरात बसूनही त्यांना प्रत्येक गोष्ट काचेतून बघितल्यासारखी लांबून बघायची सवय होती. बायकोने सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग दुसऱ्या कंपनीत जा."

"आणि नंबर? दुकानाच्या पाटीवर नंबर, पिशव्यांवर नंबर, अर्ध्या गावाच्या फोनमध्ये नंबर. नंबर बदलायचा म्हणजे नाक कापून दुसरं लावायचं."

तेवढ्यात परगावच्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अगं आई, नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. पोर्ट करायचा. एक मेसेज पाठवला की कोड येतो, तो दाखवून दुसरीकडे नवं सिम घ्यायचं."

"म्हणजे नंबर जुना आणि मी नवी?"

"बरोब्बर! तिकडे तू नवी ग्राहक. तिकडच्या फलकावरचा प्लॅन तुला."

मग मायलेकींनी बसून सगळ्या कंपन्यांचे दर ताडून पाहिले. गंमत अशी, की जिकडेतिकडे तेच. प्रत्येक दारात नव्यासाठी फलक आणि आत जुन्यासाठी वेगळा भाव. यांची जुनी माणसं त्यांच्याकडे गेली तर नवी, त्यांची यांच्याकडे आली तर नवी.

"जगात माणसाने नवंच राहावं," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "नवऱ्यांसाठी पण असं पोर्टबिर्ट निघालं तर बघ."

"निघू दे ना. तुम्हाला पहिल्या दिवशीच परत पाठवतील. जुना प्लॅन, बोलणं अमर्याद, काम शून्य."

लेक तिकडे पोट धरून हसली. कात्रीबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि मेसेज धाडला. त्या ढीगभर फुकट मेसेजांतला एक तरी कामी आला. उलट आलेला कोड घेऊन त्या सकाळीच नव्या कंपनीत अर्ज देऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या टेबलावर एका नव्या बाईचं कापड आखत होत्या, तेव्हा सिस्टर आल्या. हातात रिकामी पिशवी होती. कात्रीबाईंनी मान वर न करताच "बसा, सिस्टर" म्हटलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. हात खडूने भरलेले, म्हणून त्यांनी तो टेबलावरच ठेवून स्पीकर लावला.

"नमस्कार मॅडम," एक गोड आवाज म्हणाला. "आपण आमची सेवा सोडून जाताय असं कळलं. आपण आमच्या अत्यंत मौल्यवान ग्राहक आहात."

"हो का? कधीपासून?"

"सुरुवातीपासून, मॅडम. म्हणून कंपनीने खास आपल्यासाठी तोच नव्या ग्राहकांचा प्लॅन देऊ केलाय. आपण फक्त थांबा."

कात्रीबाईंनी खडू खाली ठेवला. असा मौका रोज येत नाही. समोर सिस्टर, काचेच्या दाराबाहेर दोन माणसं, आणि अंगात कालचा निखारा.

"हे बघा दादा, तुमचा यात दोष नाही, तुम्ही नोकरी करताय. पण तुमच्या मालकाला माझा निरोप सांगा. इतकी वर्षं मी घरात होते तेव्हा मला कुणी पाणी विचारलं नाही. नव्याला पाटावर बसवलंत नि मला म्हणालात, ही काय, घरचीच आहे, कुठे जाणार? माझं काय बदललं, मला काय लागतं, कुणी डोळे उघडून पाहिलं नाही. आणि आता उंबऱ्याबाहेर पाय टाकला तर मी मौल्यवान? निघालेल्या माणसाला सवलत देऊन थांबवायचं नसतं हो. आधी विचारायचं असतं. ठेवते."

दाराबाहेरच्या एकाने चक्क टाळी वाजवली. कात्रीबाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि सिस्टरांकडे पाहून हसल्या. "कसं?"

"अगदी बरोबर बोललीस," सिस्टर म्हणाल्या. "एकही शब्द वावगा नाही. आता माझं निळं कापड काढ."

"काढते ना. आजच घेते कापायला."

"कापायला नको. परत दे. मी ते चौकातल्या नव्या टेलरकडे देतेय."

कात्रीबाईंना आधी ही थट्टाच वाटली. मग रिकामी पिशवी दिसली.

"सिस्टर, असं काय करता? त्याने पहिल्या शिलाईला सूट लावलीय म्हणून? ती मीही दिली असती..."

"सूट गेली खड्ड्यात. मी काल सहज चौकशीला गेले होते. त्याने टेप काढली आणि मला म्हणाला, बाई, उजवा हात जेवढा वर जातो तेवढा करून दाखवा. तू विचारलंस कधी?"

"मला विचारायची काय गरज? तुमचं माप माझ्या..."

"बोटांत आहे. ठाऊक आहे मला. म्हणूनच मागचे तुझे झगे कपाटात पडलेत. माझा खांदा आखडलाय, कात्रे. डोक्यावरून काही घालताच येत नाही. पेशंट उचलून उचलून झालंय ते, वर्ष होऊन गेलं. इतक्या वेळा इथे आले, तू टाचण्या तोंडात धरून म्हणालीस, होतोय हो." त्यांनी पिशवी उघडून धरली. "मी कुठे जाणार नाही, हे तू धरूनच चालली होतीस."

कात्रीबाईंनी वाकून खालच्या फळीवरची विजार उचलली, पडदे उचलले आणि तळाचं निळं कापड काढलं. त्यावर घडीची रेघ उमटली होती. त्यांनी ती हाताने सारखी करायचा प्रयत्न केला. सिस्टरांनी कापड पिशवीत घातलं, डाव्या हाताने दार ओढलं आणि त्या गेल्या.

मशीन उरलेली दुपार बंद राहिलं. पैशाचा प्रश्न नव्हता, एका गिऱ्हाइकाने दुकान बुडत नाही. पण लेकीच्या तापात रात्रभर उशाशी बसलेली बाई आपल्या दारातून दुखावल्या मनाने गेली, याचं काय करायचं? आधी राग आला, मग रडू आलं, मग हात फोनकडे गेला. सांगावं, सिस्टर, परत या, कोट फुकट शिवून देते. नंबर लावणार तेवढ्यात त्यांना स्वतःचाच मघाचा आवाज ऐकू आला. निघालेल्या माणसाला सवलत देऊन थांबवायचं नसतं. फोन तसाच पालथा ठेवला.

"देवा," त्या मशीनकडे बघून पुटपुटल्या, "दुसऱ्याला सांगायला तोंड दिलंस ते चांगलं केलंस. माझ्याच कानावर पडलं."

आणि मग कात्रीबाई पुन्हा कात्रीबाई झाल्या. रडत बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. त्यांनी तोंड धुतलं, टेप गळ्यात अडकवली, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि ताडताड चालत सिस्टरांच्या घरी गेल्या.

सिस्टरांनी दार उघडलं. "कापड देऊन टाकलं मी," त्या पहिलंच वाक्य बोलल्या.

"देऊ दे. मी कापडासाठी आलेच नाही. मी माप घ्यायला आलेय."

"कशाचं?"

"तुमचं. मला वाटत होतं ते माझ्याकडे आहे. नाहीये. ते कुणा जुन्याच बाईचं आहे. हात करा बघू वर. जेवढा जातो तेवढाच, उगाच शूरपणा नको."

सिस्टर दारातून बाजूला झाल्या आणि त्यांना आत घेतलं. मग त्यांनी उजवा हात उचलला. तो खांद्याच्या रेषेपर्यंतही आला नाही. कात्रीबाईंनी टेप लावली, पाठीमागून खांदे पाहिले, आणि त्यांना दिसलं की उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलाय, पाठ जरा वाकलीय, कंबर बारीक झालीय. जी बाई त्यांच्या बोटांत होती ती ही नव्हतीच.

"दुखतं?"

"थंडीत जास्त."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुला तुझ्या बोटांचा इतका अभिमान. म्हटलं, कशाला मोडा."

"मोडायचा होता ना, सिस्टर! नर्स आहात तुम्ही, गळू दिसलं की कापायचं सोडून त्यावर फुंकर घालत बसलात?"

सिस्टर हसल्या. दुपारपासून पहिल्यांदाच. हसतानाच त्यांनी कपाट उघडलं. आत कात्रीबाईंच्या हातचे झगे ओळीने टांगलेले, इस्त्री केलेले, न वापरलेले.

"सगळे द्या," कात्रीबाई म्हणाल्या. "पुढून उभे कापते, बटणपट्टी लावते, काखेत तिकोनी तुकडा घालून घेर वाढवते. आत शिवणीत कापड भरपूर सोडलेलं आहे, माझंच काम आहे ते."

"सगळे नाही." सिस्टरांचा आवाज पुन्हा नर्सचा झाला. "हा करडा एक देते. नव्या टेलरला देतात तसा. जमला तर पुढचं बघू."

कुणी दुसऱ्याने असं म्हटलं असतं तर कात्रीबाईंनी त्याचं काय केलं असतं कुणास ठाऊक. इथे त्यांनी फक्त मान हलवली. "रास्त आहे. परवा आणते."

"परवा म्हणजे?"

"परवा म्हणजे परवा. तुमच्या कपड्यावर आता कुणाचे पडदे पडायचे नाहीत."

त्या घरी पोचल्या तोवर फोनवर नव्या कंपनीचा मेसेज येऊन पडला होता, अर्ज पोचला, आपलं स्वागत आहे म्हणून. ड्रायव्हरसाहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "वर्षाने तिकडेही जुनी होशील. मग पुन्हा?"

"मग पुन्हा जाऊन विचारीन, माझ्यासाठी काय आहे म्हणून. नीट सांगितलं तर राहीन, नाहीतर पाय आहेत." आणि जेवणाआधीच त्या करड्या झग्याची काखेतली शिवण उसवायला बसल्या.

त्या कामाला त्यांनी जीव लावला, पण गाजावाजा केला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकापुढे त्या टेप घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मात्र गल्लीत चर्चा झाली. जाड झालेल्या एका काकांनी तर "माझं माप विसरलात की काय?" म्हणून रुसून दाखवलं. "तुम्हीच विसरलात," कात्रीबाई म्हणाल्या, "श्वास सोडा आधी, पोट आत ओढून माप देऊ नका."

ठरल्या दिवशी त्या करडा झगा घेऊन सिस्टरांकडे गेल्या. खुर्चीच्या पाठीवर निळा कोट होता, नव्या टेलरने दिलेला. कात्रीबाईंनी तो उचलून आतून बाहेरून पाहिला. धंद्याच्या माणसाला राहवत नाही.

"कॉलर चांगली बसवलीय मेल्याने," त्या म्हणाल्या. "अस्तर जरा ओढलंय. पण कॉलर चांगली आहे. निरोपाला शोभून दिसेल."

"दिसेल ना?"

"दिसेल. मी पुढच्या रांगेत येऊन बसणार आहे. आता हा घाला."

सिस्टरांनी झगा घेतला आणि सवयीने पाठ फिरवून हात मागे केले, कुणीतरी बाही धरावी म्हणून. कात्रीबाई मुद्दामच दोन पावलं मागे सरल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"मी धरणार नाही. तुम्हीच घाला."

सिस्टरांनी आधी आखडलेला हात घातला. रुंद काखेतून तो अडकल्याशिवाय आत गेला, खाली सरकला, बाहीतून बोटं बाहेर आली. मग दुसरा हात. मग त्यांनी आरशासमोर उभं राहून एकेक बटण खालून वर लावत नेलं, अगदी गळ्यापर्यंत. खांदा कुठेही वर उचलावा लागला नाही. शेवटचं बटण लावून झाल्यावर त्या आरशातच कात्रीबाईंकडे बघत राहिल्या.

"उरलेले," त्या म्हणाल्या, "आत्ता नेतेस का मी आणून देऊ?"

"आत्ताच नेते," कात्रीबाई म्हणाल्या, आणि कपाटाचं दार उघडून एकेक झगा हातावर घेऊ लागल्या.